खोंडाचा खुराक उशिरा सुरू केला तर काय बिघडतं?

‘खोंड वर्षाचा झाला की खुराक सुरू करू’ हा हिशेब फसतो. त्याची वृषणं पुढे रोज किती शुक्राणू तयार करू शकतील, याची कमाल मर्यादा तोवर ठरून गेलेली असते.

मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच हे संप्रेरक झटक्याझटक्याने सुटतं. प्रत्येक झटक्यामागे पिट्यूटरी ग्रंथी एलएच हे संप्रेरक रक्तात सोडते. जन्मल्यावर दोनेक महिने हे झटके विरळ असतात. आठव्या-दहाव्या आठवड्यापासून ते वाढतात, साधारण दर दोन तासांना एक इतके, आणि विसाव्या आठवड्याच्या आसपास ओसरतात. बाहेरून पाहाल तर वासरू अजून दुधातच असतं!

एलएचमुळे वृषणातल्या लेडिग पेशी टेस्टोस्टेरॉन हे नर-संप्रेरक बनवू लागतात. त्याच काळात पिट्यूटरीचं दुसरं संप्रेरक, एफएसएच, सर्टोली पेशींची संख्या वाढवतं. या पेशी म्हणजे शुक्राणूंच्या दाया; एक दाई ठरावीकच पोरं सांभाळते. पाच-सहा महिन्यांच्या सुमारास त्यांचं विभाजन थांबतं, शेजारशेजारच्या पेशी घट्ट जुळून रक्त आणि वृषण यांच्यामधली भिंत उभी करतात. त्यानंतर नवी दाई नाही. सुरुवातीला दूध-खुराक तोकडा पडला तर आयजीएफ-१ हे वाढीचं संप्रेरक कमी राहतं, एलएचचे झटके मंदावतात, आणि वृषणं कायमची लहान राहू शकतात.

यावर ‘ताकदीचं’ टेस्टोस्टेरॉन टोचणं म्हणजे उलटा उद्योग. रक्तात ते वाढलेलं दिसताच मेंदू एलएच आवरता घेतो. वृषणाच्या आतलं टेस्टोस्टेरॉन, जे शुक्राणूंना खरं लागतं, तेच घसरतं आणि वृषणं आक्रसतात.

वाढ तपासायला टेप पुरतो. मागून अंडकोशाची मान धरून वृषणं हलकेच खाली आणायची आणि सर्वांत रुंद जागी घेर मोजायचा. अंगठा दोन वृषणांच्या मध्ये घातला तर ती फाकतात आणि माप फुगतं. युरोपीय जातींत घेर २८ सेंमीच्या आसपास आला की खोंड वयात येतो.

पुढे धान्याचा मारा केला तर अंडकोशाच्या मानेत चरबी साठते. वृषणं शरीरापेक्षा ४-५ अंशांनी थंड राहावी लागतात, आणि ही चरबी नेमकी उष्णता अडवते. एक शुक्राणू घडायला ६१ दिवस आणि पुढच्या नळीत पिकायला दहाएक दिवस लागतात. म्हणून चरबी उतरल्यावरही वीर्य सुधारायला दोन-अडीच महिने जातात.