पॅरिसच्या महापौर आणि सीनकाठचा रस्ता

पॅरिसच्या तेव्हाच्या महापौर ॲन हिदाल्गो यांनी २०१६ मध्ये सीन नदीच्या उजव्या काठावरचा जलदगती रस्ता गाड्यांना बंद केला. बाईंच्या कारकिर्दीबद्दल बरंवाईट काहीही निघालं, की चर्चा या ३.३ किलोमीटरवर येतेच.

तिथलं महापौरपद आपल्यासारखं मानापुरतं नाही. मात्र १८७१ नंतर शतकभर ते नव्हतंच, कारभार सरकारी अधिकारी पाहायचे. १९६७ चा हा रस्ता त्याच काळातला. पद परत आलं १९७७ मध्ये. २००१ मध्ये सत्ता डाव्यांकडे आली आणि या बाई उपमहापौर झाल्या. मूळच्या त्या कामगार निरीक्षक. तेव्हाच्या महापौरांनी २००२ च्या उन्हाळ्यात याच रस्त्यावर वाळू टाकून चौपाटी केली, २००७ मध्ये भाड्याच्या सायकली आणल्या, २०१३ मध्ये डावा काठ मोकळा केला. २०१४ मध्ये बाई शहराच्या पहिल्या महिला महापौर झाल्या, तेव्हा वाट बरीचशी मळलेली होती. हे त्यांचे भक्त आणि टीकाकार दोघेही सोयीने विसरतात.

उजवा काठ मात्र सोपा नव्हता. तिथून रोज सुमारे ४३ हजार गाड्या जायच्या. जनसुनावणी घेणाऱ्या समितीने ऑगस्ट २०१६ मध्ये एकमताने प्रतिकूल अभिप्राय दिला. तो बंधनकारक नव्हता, त्यामुळे सप्टेंबरात सभागृहात ठराव मंजूर झाला. पुढे मोजमाप झालं तेव्हा काठालगतची हवा सुधारलेली दिसली, पण बंद पट्टा संपतो तिथे गाड्या तुंबून ती बिघडली होती. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ठराव रद्द केला. कारण, पर्यावरणीय परिणामांच्या अहवालात प्रदूषणाबाबत चुका होत्या, काही गोष्टी गाळलेल्या होत्या.

पंधरवड्यात महापौरांनी नवा आदेश काढला. रस्ता तोच, बंदीही तीच; आधार मात्र हवेऐवजी वारशाचा. हे काठ १९९१ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. ऑक्टोबरात हा आदेश न्यायालयात टिकला, २०१९ मध्ये अपिलातही. विरोधक याला पळवाट म्हणतात. असेलही, पण काठ वारशाचे आहेत हा शोध काही त्या पंधरवड्यातला नव्हता. हवेसाठी घेतलेला निर्णय हवेच्या मुद्द्यावर टिकला नाही, एवढं मात्र मान्य करावंच लागतं. आज गाड्यांच्या जुन्या बोगद्यातून सायकली जातात.

२०२० मध्ये बाई पुन्हा निवडून आल्या, ‘पंधरा मिनिटांचं शहर’, म्हणजे रोजच्या गरजेचं सगळं घरापासून पंधरा मिनिटांत पायी किंवा सायकलने गाठता यावं, ही घोषणा घेऊन. २०२१ मध्ये बहुतेक रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटर झाली. २०२२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांना देशभरातून जेमतेम १.७५ टक्के मतं पडली. २०२३ मध्ये भाड्याच्या ई-स्कूटर जनमत घेऊन हटवल्या. २०२४ मध्ये बाहेरून येणाऱ्या अवजड एसयूव्हींच्या पार्किंगचा दर तिप्पट करण्यावर, म्हणजे मध्यवर्ती भागात तासाला १८ युरो, पुन्हा जनमत झालं. मतदान सहा टक्केही झालं नाही, तरी ऑक्टोबरपासून दर लागू झाले. नोव्हेंबरमध्ये बाईंनी तिसऱ्यांदा उभं राहणार नसल्याचं जाहीर केलं.