‘त्सिएलवा’ : एका लॅटव्हियन पक्षीनामाची पार्श्वभूमी

पांढरा धोबी हा १९६० पासून लॅटव्हियाचा राष्ट्रीय पक्षी मानला जातो. लॅटव्हियन भाषेत त्याला ‘बाल्ता त्सिएलवा’ म्हणतात. यातील ‘बाल्ता’ म्हणजे पांढरी, हे उघड आहे. ‘त्सिएलवा’चा माग मात्र शेजारच्या भाषांतून काढावा लागतो.

लिथुआनियन भाषेत हाच पक्षी ‘किएले’ आहे, आणि अठराव्या शतकाच्या आरंभी लोप पावलेल्या जुन्या प्रशियन भाषेतील त्याचे ‘किलो’ हे नाव एल्बिंगच्या शब्दसंग्रहात, म्हणजे इ.स. १४०० च्या सुमारास नकललेल्या जेमतेम आठशे शब्दांच्या जर्मन-प्रशियन यादीत, सुदैवाने टिकले आहे. या दोन्ही नावांच्या आरंभी ‘क’ असताना लॅटव्हियनमध्ये ‘त्स’ कसा आला, याचे उत्तर त्या भाषेच्या ध्वनिइतिहासात आहे. इ, ए या स्वरांपूर्वीचा जुना ‘क’ तेथे नियमाने ‘त्स’ झाला. लिथुआनियन ‘केल्यास’ (रस्ता) हा शब्द म्हणूनच लॅटव्हियनमध्ये ‘त्सेल्श’ असा आढळतो. मराठी वाचकाला हा ध्वनी परका नाही, कारण ‘चांगला’मधला आपला ‘च’ जवळजवळ तोच आहे.

या नावांच्या मुळाशी ‘हलणे’ या अर्थाचा इंडो-युरोपीय धातू असावा, असे व्युत्पत्तिकार मानतात. तसे असल्यास त्सिएलवा म्हणजे सतत हालचाल करणारी. याच पक्ष्याच्या लॅटिन ‘मोटासिला’ या नावातही हालचालच आहे, आणि तो शेपटी सतत हलवतो म्हणून हे नाव पडले, असे रोमन विद्वान व्हॅरोने इ.स.पू. पहिल्या शतकात लिहून ठेवले. पुढे त्यातील ‘सिला’ म्हणजेच शेपटी असा गैरसमज रूढ झाला आणि एका वेगळ्याच पक्षिगटाला ‘बॉम्बिसिला’, म्हणजे रेशीमशेपट्या, हे शास्त्रीय नाव मिळाले; चुकीच्या व्युत्पत्तीलाही असा वंशविस्तार लाभतो. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये पांढऱ्या धोब्याला दिलेल्या ‘मोटासिला आल्बा’ या दोन शब्दी शास्त्रीय नावातील ‘आल्बा’ आणि लॅटव्हियन ‘बाल्ता’ यांचा अर्थ मात्र एकच आहे.

हिवाळ्यात महाराष्ट्रातही दिसणाऱ्या या पक्ष्याला आपण धोबी किंवा परीट म्हणतो, ते पाणवठ्याच्या काठी कपडे आपटल्यासारखी त्याची शेपटी खालीवर होते म्हणून. लिथुआनियन लोकभाषेत मात्र त्याचे आणखी एक नाव आहे, ‘लेदस्पिरा’, म्हणजे बर्फाला लाथ मारणारी. नद्यांवरचा बर्फ फुटण्याच्या सुमारास, मार्च-एप्रिलमध्ये, हा पक्षी तिकडे परततो.