गुलामगिरी मोडणं वेगळं, काळ्या माणसाला देशाबाहेर पाठवणं वेगळं

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. हे लोक कोण, ते शोधायला गेलं की १८३० च्या आसपास दोन चळवळी समोर येतात. दोन्हींत पाद्री पुढे, दोन्हींच्या वर्गण्या चर्चमधून, दोन्हींत गुलामगिरीला वाईट म्हणणारी माणसं. म्हणून आपण दोन्हींना सरसकट ‘गुलामगिरीविरोधी’ म्हणून मोकळे होतो. मला ही गफलत फार खुपते, कारण त्या काळातल्या काळ्या लोकांची ती कधीच झाली नव्हती.

पहिली चळवळ अमेरिकन कॉलनायझेशन सोसायटीची, स्थापना वॉशिंग्टनमध्ये, डिसेंबर १८१६. पहिले अध्यक्ष बुशरॉड वॉशिंग्टन हे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते आणि गुलामांचे मालकही. गुलाम नसलेल्या, स्वतंत्र काळ्या लोकांना त्यांच्या संमतीने आफ्रिकेत नेऊन वसवायचं, हे तिचं काम. त्यातूनच पश्चिम आफ्रिकेतला लायबेरिया हा देश उभा राहिला. पाठवायला जागा असली तर मालक गुलाम सोडतील, असं काही सभासदांना मनापासून वाटे. काहींना मात्र स्वतंत्र काळा माणूस गुलामांच्या नजरेसमोरूनच हटवायचा होता. शेतावरच्या गुलामाच्या बेडीला संस्था हात लावत नव्हती.

दुसरी चळवळ निर्मूलनवाद्यांची. विल्यम लॉइड गॅरिसनचं ‘लिबरेटर’ साप्ताहिक १८३१ चं, अमेरिकन अँटी-स्लेव्हरी सोसायटी डिसेंबर १८३३ ची. मागणी सरळ होती: गुलामगिरी ताबडतोब बंद करा, मालकाला भरपाई देऊ नका आणि मुक्त झालेला माणूस इथेच, बरोबरीच्या हक्काने राहील. या ‘ताबडतोब’मागे धर्म होता. चार्ल्स फिनीसारखे प्रवचनकार गावोगाव सांगत होते की पाप कळलं त्या घडीला सोडायचं असतं. गुलामगिरी हे पाप मानलं की ती हप्त्याहप्त्याने सोडण्याची भाषाच उरत नाही.

फरक ओळखायला मी एकच प्रश्न विचारते: बदलायचं कोणी? पहिल्या चळवळीत काळ्या माणसाने घरदार सोडायचं, दुसरीत गोऱ्यांनी कायदा आणि मन बदलायचं.

हा फरक आधी ओळखला तो फिलाडेल्फियातल्या काळ्या लोकांनी. जानेवारी १८१७ मध्ये बेथेल चर्चमध्ये सुमारे तीन हजार जण जमले. जहाजांची शिडं बनवणारे जेम्स फोर्टन सभा चालवत होते. आफ्रिकेला जाण्याच्या बाजूने एकही आवाज उठला नाही. विरोधाचा कौल विचारल्यावर भिंती हादराव्यात असा ‘नाही’ घुमला. फोर्टनना स्वतःला त्या योजनेत थोडं तथ्य वाटत होतं, तरी ते लोकांच्या बाजूने उभे राहिले. गॅरिसन १८२९ मध्येसुद्धा कॉलनायझेशन सोसायटीच्या बाजूने भाषण करत होते. त्यांचं मन पालटलं ते काळ्या मित्रांच्या सहवासात.

१८३४ मध्ये सिनसिनाटीच्या लेन सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या विद्यालयात, विद्यार्थ्यांनी या दोन मतांवर अठरा रात्री चर्चा केली, नऊ एकावर, नऊ दुसऱ्यावर. तिथे जेम्स ब्रॅडली बोलला. लहानपणी आफ्रिकेतून पळवून आणलेला हा तरुण दिवसभर मालकाचं काम करी, तीन-चार तास झोपे आणि उरलेली रात्र मक्याच्या सालपटांच्या वेण्या घालून घोड्यांच्या गळपट्ट्या विणी. त्या विकून साठवलेल्या पैशांतून त्याने स्वतःला विकत घेतलं होतं. मोकळे सोडलेले गुलाम स्वतःचं पोट भरू शकणार नाहीत, हा आक्षेप त्याच्यासमोर टिकलाच नाही. पुढे संचालकांनी विद्यार्थ्यांच्या गुलामगिरीविरोधी संघटनेवर बंदी घातली, तेव्हा बहुतेकांनी ती संस्थाच सोडली.

राजकारणात दोघांना मिळालेली वागणूक पाहा. कॉलनायझेशन सोसायटीच्या सभा अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहाच्या दालनात भरत, हेन्री क्लेसारखे बडे पुढारी तिच्यात होते. निर्मूलनवाद्यांचे अर्ज मात्र त्याच सभागृहाने १८३६ ते १८४४ पर्यंत चर्चेविना बाजूला सारले. दक्षिणेतल्या चार्ल्सटन शहरात तर १८३५ साली जमावाने त्यांची टपालाने आलेली पत्रकं जाळली.

तरीही लायबेरियाला गेलेल्या काळ्या लोकांना कोणी कमी लेखू नये. जॉन रसवर्म आणि सॅम्युएल कॉर्निश यांनी १८२७ मध्ये न्यूयॉर्कला मिळून ‘फ्रीडम्स जर्नल’ हे काळ्या लोकांचं वर्तमानपत्र काढलं. अमेरिकेत आपल्याला कधीच नागरिक म्हणून वागवणार नाहीत, असं ठरवून रसवर्म १८२९ मध्ये लायबेरियाला गेले. कॉर्निश अमेरिकेतच राहून त्या योजनेविरुद्ध लिहीत राहिले.