चालण्याजोगे शहर (बेळगाव)

दूध, भाजी, शाळा, दवाखाना, बसथांबा ही रोजची कामे जीव मुठीत न धरता पायी उरकता येतात, ते चालण्याजोगे शहर. बेळगावच्या जुन्या वस्तीला ही कल्पना बाहेरून शिकवावी लागत नाही. गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामदेव गल्ली, पांगुळ गल्ली या माणूस आणि बैलगाडीच्या मापाने वसल्या. गल्ल्या मिळतात तो इथे ‘खूट’. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये सायकलींचे दुकान काढले ते याच गावात. त्यांच्या नावाच्या रस्त्यावर आज सायकल टेकवायला जागा मिळाली तर नशीब.

जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांत बेळगाव आले आणि फूटपाथची चर्चा वाढली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार फूटपाथवर किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी हवी. जुन्या गल्लीत दोन्ही बाजूंना एवढी जागा सोडली, तर मधे मोटारीला फारसे काही उरत नाही. तिथे वेगळा फूटपाथ उभारण्यापेक्षा अख्खी गल्ली एका पातळीत सपाट करून मोटार गल्लीबाहेरच थांबवणे सयुक्तिक. दुकानांचा माल सकाळी लवकर उतरवता येतो. अनेक ठिकाणी गटारावरच्या फरशा हाच फूटपाथ असतो. पावसाळ्यात त्यातली एखादी निखळलेली असली, की चाकाची खुर्ची सोडाच, धडधाकट माणूसही रस्त्यावर उतरतो.

फेरीवाल्यांना अडथळा मानण्याची सवय जुनी आहे. आसपासच्या खेड्यांतून बुट्टी घेऊन येणाऱ्या भाजीवाल्या बायका उठवल्या, तर ती जागा पादचाऱ्याला मिळत नाही, तिथे दुचाकी लागते. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने त्यांच्यासाठी जागा ठरवून देण्याची तरतूद केली आहे.

लोहमार्गाने शहर दुभागले आहे. फाटकांच्या जागी उड्डाणपूल बांधले, की मोटारीचा खोळंबा टळतो. पायी माणसाच्या वाट्याला मात्र चढ आणि वळसा येतो.

बसचा प्रश्न चालण्याशी जोडलेलाच, कारण बसचा प्रत्येक प्रवासी दोन्ही टोकांना पादचारी असतो. 11 जून 2023 पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे राज्यातील महिलांना साध्या बसमध्ये तिकीट पडत नाही. येळ्ळूर, उचगाव, कडोलीच्या वयस्क मराठी बायकांना मात्र कन्नड पाटी वाचता येत नाही. कंडक्टरला विचारण्यातच बस सुटते. पाटीवर मराठीही असावी ही मागणी सीमाप्रश्नात अडकते. ठळक क्रमांक आणि मार्गाला रंग, एवढ्यानेही काम भागते, आणि कन्नड न शिकलेल्या कुणाचीच अडचण उरत नाही.

रस्ता मोटारींना बंद करणे इथे अनोळखी नाही. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीच्या रात्री लोक पोरांना खांद्यावर घेऊन पहाटेपर्यंत याच गल्ल्यांतून हिंडतात.