सॅनिटरी पॅड आणि कागदाचे वेष्टन : एका रीतीची पार्श्वभूमी

मेडिकलच्या दुकानात सॅनिटरी पॅड मागितले की दुकानदार न विचारताच ते वर्तमानपत्रात किंवा काळ्या पिशवीत गुंडाळून देतो, ही रीत महाराष्ट्रातल्या असंख्य स्त्रियांच्या परिचयाची आहे. तिचे मूळ केवळ आपल्याकडच्या विटाळाच्या कल्पनेत शोधून भागणार नाही, कारण ही वस्तू विकायची कशी, हा पेच पाश्चात्त्य दुकानदारांनाही पडला होता.

अमेरिकेत जॉन्सन अँड जॉन्सनने १८९०च्या दशकात ‘लिस्टर्स टॉवेल्स’ नावाचे पॅड विक्रीस आणले. परंतु ते उघडपणे विकत घेण्याचाच संकोच असल्याने त्यांना फारसा उठाव मिळाला नाही. पहिल्या महायुद्धात जखमांवर बांधण्यासाठी वापरलेल्या, लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या सेल्युकॉटनचा परिचारिकांनी पाळीसाठी उपयोग केला आणि त्यातून १९२० मध्ये ‘कोटेक्स’ बाजारात आले, तेव्हाही पुरुष विक्रेत्याकडे ते मागणे अवघडच होते. त्यावर निघालेला तोडगा मला आजही विचारपूर्वक केलेला वाटतो : पुडकी काउंटरवर मांडायची आणि शेजारी पैशांची पेटी ठेवायची, म्हणजे स्त्रीला कोणाशी न बोलता पैसे टाकून पुडके नेता येई. १९२८ मध्ये ‘मोडेस’ या पॅडच्या जाहिरातीत कूपन छापले जाऊ लागले, ते कापून विक्रेत्याच्या हाती दिले की एक शब्दही बोलावा लागत नसे.

या दोन्ही युक्त्यांनी मागण्याचा क्षण सोपा केला. आपल्याकडे नेमका तोच सोपा करायचा राहून गेला. माल दुकानदाराच्या पाठीमागच्या फळीवर, समोर गिऱ्हाइकांची गर्दी, आणि त्या गर्दीत पॅडचे नाव व आकार मोठ्याने सांगितल्यानंतर मिळणारे वेष्टन. ते रस्त्यावरच्या नजरांपासून झाकते, दुकानातल्यांपासून नाही. सरकारने १९६८ मध्ये ‘निरोध’ हा कंडोम आणला, तेव्हाही चहा-साबणाच्या कंपन्यांमार्फत तो किराणा दुकानांपर्यंत पोहोचवण्याची उत्तम व्यवस्था झाली, पण तो मागावा तोंडानेच लागे.

२०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि त्याच वर्षी पॅडवरील बारा टक्के जीएसटीही रद्द झाला. कागदाचे वेष्टन मात्र टिकले. ज्या स्त्रीला ते हवे असेल तिला ते जरूर मिळावे. फक्त गुंडाळण्यापूर्वी दुकानदाराने तिला तसे विचारायला हवे.