विश्रांतिवर्ष, ख्रिस्ती (सबॅटिकल)

विश्रांतिवर्ष, ख्रिस्ती : पाळक, धर्मगुरू, मिशनरी, मठवासी आणि अलीकडे साधे श्रद्धावंतही नेहमीच्या सेवेतून बाजूला होऊन विश्रांती, प्रवास, प्रार्थना व मनन यांसाठी जो काळ राखून ठेवतात, तो. नाव वर्षाचे असले तरी प्रत्यक्षात तीन-चार महिन्यांचाच विराम अधिक आढळतो, आणि बोलण्यात ‘सबॅटिकल’ हाच शब्द रुळला आहे. वार्षिक रजा म्हणजे हा काळ नव्हे. अभ्यासरजेशी त्याचे नाते जवळचे असले, तरी परतल्यावर दाखवायला प्रबंध किंवा पदवी हाती असावी, अशी अपेक्षा येथे नसते. निदान नसावी.

शब्दाच्या मुळाशी हिब्रू ‘शब्बाथ’ आहे. त्याचा धात्वर्थ ‘थांबणे’. विसावा हा अर्थ त्यामागून येतो. बायबलमधील उत्पत्ती या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात देव सातव्या दिवशी थांबतो, तो थकला म्हणून नव्हे, तर काम पुरे झाले म्हणून. शब्बाथाच्या आज्ञेची कारणे मात्र पवित्र शास्त्रात दोन दिली आहेत. निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात सृष्टीच्या सातव्या दिवसाचा दाखला आहे. अनुवाद या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात कारण निराळे आहे : तू मिसर देशात दास होतास, याची आठवण ठेव. सबॅटिकल घेणाऱ्याला हे दुसरे कारण अधिक उपयोगी पडते. दासाला थांबता येत नाही. आणि ज्याला कोणी अडवलेले नसतानाही थांबता येत नाही, त्याने आपला धनी कोण हे एकदा तपासून पाहावे.

दर सातव्या वर्षाची कल्पना जमिनीपासून सुरू होते. लेवीय २५ प्रमाणे सहा वर्षे पेरावे, द्राक्षमळा छाटावा. सातव्या वर्षी यांतले काहीच करू नये. आपोआप उगवेल ते मालकाचे, दासदासींचे, मजुराचे, उपऱ्याचे, गुराढोरांचे आणि रानातल्या जनावरांचेही. अनुवाद १५ मध्ये त्याला कर्जमाफीची जोड मिळते, आणि सात वेळा सात वर्षे झाल्यावर पन्नासावे योबेल वर्ष, म्हणजे मुक्तीचे वर्ष, येते. ‘मग सातव्या वर्षी आम्ही खावे काय?’ हा प्रश्न लेवीयच्या त्याच अध्यायात आला आहे. सहाव्या वर्षाचे पीक तीन वर्षे पुरेल, असे त्याला उत्तर मिळते. पाळकाने विराम मागितला की मंडळीच्या (चर्चच्या) बैठकीत उठणारा पहिला प्रश्न याच जातीचा असतो : तोवर उपासना कोण चालवणार? सातव्या वर्षाचा नियम नीट पाळला गेला नाही, याची नोंदही शास्त्रातच आहे. २ इतिहास ३६ च्या शेवटी यहुद्यांच्या बाबेलमधील बंदिवासातली सत्तर वर्षे म्हणजे भूमीने वसूल केलेले आपले राहिलेले शब्बाथ, असे म्हटले आहे.

आजच्या अर्थाने ही प्रथा विद्यापीठांतून मंडळ्यांत आली. हार्वर्ड विद्यापीठाने १८८० मध्ये प्राध्यापकांसाठी अशी रजा सुरू केली. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघात मात्र दीर्घ प्रशिक्षणाच्या अखेरीस सेवा थांबवून पुन्हा साधनेत शिरण्याचा ‘तिसरा परीक्षाकाल’ त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. त्याहूनही जुने उदाहरण पुढे संत व धर्मपंडित म्हणून गाजलेल्या ऑगस्टीनचे. इ. स. ३८६ मध्ये मिलान येथे वक्तृत्वशास्त्र शिकवत असताना त्याचे मन पालटले. द्राक्षांच्या हंगामाची सुटी जवळ आली होती, म्हणून गाजावाजा न करता त्याने ती येईपर्यंत कळ काढली, छातीच्या दुखण्याचेही कारण पुढे केले आणि नोकरी सोडली. मग आई, मुलगा आणि काही मित्र यांच्यासह तो कॅसिसियाकम येथील एका स्नेह्याच्या मळ्यात जाऊन राहिला. तेथे स्तोत्रे वाचली, वादसंवाद केले आणि ते लिहून ठेवले. पुढच्या वर्षी ईस्टरला मिलानचा बिशप अँब्रोज याच्या हातून त्याचा बाप्तिस्मा झाला.

प्रवास आणि विसावा यांची सांगड वाटते तितकी सरळ नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी घालून दिलेल्या नियमात मठामठांतून तीन-चार दिवसांचे पाहुणे होऊन हिंडणाऱ्या भटक्या साधूंची चांगलीच कानउघाडणी आहे. एका जागी टिकून राहणे हे तेथे व्रत आहे. त्याच काळातल्या आयरिश साधूंनी नेमकी उलट वाट धरली. ख्रिस्तासाठी मायभूमी सोडून परदेशी राहणे, हेच त्यांचे तप होते. आयरिश साधू कोलंबा ५६३ मध्ये स्कॉटलंडमधील आयोना बेटावर गेला तो याच परंपरेत. अँग्लो-सॅक्सन बखरीत ८९१ सालची नोंद आहे : तीन आयरिश माणसे वल्ह्यांविना कातड्याच्या होडीत बसून कॉर्नवॉलच्या किनाऱ्याला लागली. देवाच्या प्रेमापोटी त्यांना परदेशी राहायचे होते. कुठे, याची त्यांना पर्वा नव्हती. आजचा सबॅटिकलचा प्रवासी परतीचे तिकीट काढूनच निघतो. त्यात वावगे काही नाही, पण दोन प्रवासांतला फरक लक्षात असावा.

यात्रेला ठरलेले ठिकाण असते, रिट्रीटला (एकांतातल्या प्रार्थनाकाळाला) ठरलेला क्रम असतो. सबॅटिकलला दोन्ही असतीलच असे नाही. अनेक जण त्यात या दोन्ही गोष्टी गुंफतात. कोणी जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनांचे तीस दिवस करतो, कोणी १९४० मध्ये सुरू झालेल्या फ्रान्समधील तेझे या ख्रिस्ती समुदायात राहतो, कोणी स्पेनमधील सांतियागो या तीर्थस्थळाची वाट धरतो. तिथला फ्रेंच मार्ग सुमारे ७८० किमीचा आहे. पूर्ण चालणे जमले नाही, तरी प्रमाणपत्रासाठी निदान १०० किमी पायी जावे लागतात.

अशा काळात सुचणारे मनन बहुधा प्रेक्षणीय स्थळांतून येत नाही. ते परकेपणातून येते. वर्षानुवर्षे वेदीजवळ उभा राहिलेला माणूस अनोळखी मंडळीत मागच्या बाकावर बसतो. त्याला कोणी ओळखत नाही, प्रार्थना चालवायला सांगत नाही. भाषा कळत नसेल तर प्रवचनाचे गुणदोषही काढता येत नाहीत. प्रभूच्या मेजाशी (प्रभुभोजनाची भाकर घ्यायला) हात पुढे करणे एवढेच उरते. अम्माऊसच्या वाटेवरच्या दोघा शिष्यांनाही (लूक २४) सोबतचा परका म्हणजे पुनरुत्थित येशू आहे, हे चालताना कळले नाही. मुक्कामी भाकर मोडली तेव्हा कळले. मननाची साधने साधीच असतात : एकच उतारा सावकाश पुन्हापुन्हा वाचणे, वर चढून जाणाऱ्यांची स्तोत्रे (१२० ते १३४), रात्री दिवसाचे परीक्षण, रोजनिशी. हीच रोजनिशी पुढच्या प्रवचनांचे टाचण होऊ लागली, तर काम मागच्या दाराने परत आले म्हणायचे.

पहिले काही आठवडे तर मननाचे नसतातच. एलीया या संदेष्ट्याची कथा (१ राजे १९) म्हणूनच या विषयात वारंवार घेतली जाते. कर्मेल डोंगरावर बआलच्या संदेष्ट्यांवर मिळवलेल्या विजयानंतर तो जीव घेऊन पळतो, रतामाच्या झुडपाखाली मरण मागतो आणि झोपी जातो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा कुंजा देतो. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. दुसऱ्यांदा जेवल्यावर चाळीस दिवसांची वाट, मग होरेब डोंगर, आणि वारा, भूकंप, अग्नी यांच्यानंतरची ती मंद वाणी. ‘तू येथे काय करतोस?’ हा प्रश्न तेथे दोनदा येतो. झोप, अन्न, चालणे, मग प्रश्न, असा हा क्रम आहे. सबॅटिकलची आखणी करणारे तो बहुधा उलटा लावतात.

थकवा उतरल्यावर दुसरी अडचण उभी राहते. चौथ्या शतकात मिसरच्या वाळवंटात राहिलेल्या साधू इव्हाग्रियसने तिला ‘भर दुपारचे भूत’ म्हटले. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो, साधू सारखा खिडकीकडे पाहतो, आणि दुसऱ्या एखाद्या ठिकाणी साधना अधिक सोपी होईल, असे त्याच्या मनात येते. त्याच्याकडे प्रवासाची सोय नव्हती. आज ती आहे. त्यामुळे हे भूत ओळखणे अवघड झाले आहे. एका गावातून दुसऱ्या गावाला निघताना आपण कशाकडे जात आहोत आणि कशापासून पळत आहोत, हे मुक्काम वाढवून पाहिल्याशिवाय कळत नाही.

या प्रथेवरचा सर्वांत रास्त आक्षेप न्यायाचा आहे. रजेत पगार चालू राहणे, बदली माणूस मिळणे, प्रवासाचा खर्च निघणे, हे फार थोड्यांच्या वाट्याला येते. मूळ शब्बाथ मात्र दासी, मजूर, उपरा आणि बैल यांच्यासकट होता. विराम घेणाऱ्याची कामे कमी वेतनाच्या सहायकावर पडत असतील, तर लेवीयचा संदर्भ देणे अवघड जाते. म्हणून काही मंडळ्या त्या महिन्यांत आपल्या बैठका आणि उपक्रमही कमी करतात.

परतण्याबद्दल बेनेडिक्टचा नियम कडक आहे. ६७व्या प्रकरणानुसार प्रवासाहून आलेल्या बंधूने त्या दिवशी प्रत्येक प्रार्थनेच्या अखेरीस प्रार्थनागृहाच्या जमिनीवर पालथे पडावे, वाटेत झालेल्या चुकांसाठी सर्वांची प्रार्थना मागावी, आणि बाहेर काय पाहिले, काय ऐकले, ते कोणालाही सांगू नये.