जुन्या गाडीचं इंजिन गेलं, आता काय?

गाडी जुनी, विकायला काढली तरी हाती फारसं येणार नाही, आणि अशातच इंजिन बसलं. टो होऊन अशी गाडी आमच्याकडे आली की मालकाचा पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो, "भंगारात घालू का?" बॉनेट उघडायच्या आधी आम्ही त्याचं उत्तर देत नाही. का देत नाही, ते सांगायला हे पत्रक.

पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका

टायमिंग बेल्ट म्हणजे क्रँक आणि कॅमशाफ्टला एका तालात फिरवणारा पट्टा. तो तुटला की पिस्टन हलवणारा क्रँक फिरतो, पण व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट जागच्या जागी थांबतो. उघडे राहिलेले व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनवर आपटून वाकतात. (काही इंजिनांत दोघांमध्ये पुरेशी जागा असते. तिथे नवा बेल्ट बसवला की काम भागतं.) एवढ्यावर वाचलेलं इंजिन "एकदा बघू तरी" म्हणून सेल्फ मारताना गेलेलं आम्ही पाहिलंय. ऑइलचा दिवा लागून खडखड आली असेल तरी तेच, गाडी तिथेच बंद करा. आणि गाडी तापली असेल तर रेडिएटरचं झाकण गार होईपर्यंत उघडू नका, आतलं उकळतं पाणी दाबाने अंगावर उडतं.

नेमकं काय गेलं?

"इंजिन गेलं" हे निदान नव्हे. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली की हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक, यांच्यामधलं पॅकिंग) गेलं असं लोक धरून चालतात. पण थंडीच्या दिवसांत फक्त जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या धडधाकट गाडीतही ती साय धरते. म्हणून आम्ही रेडिएटरच्या तोंडाशी निळं टेस्टिंग लिक्विड लावून बघतो. सिलिंडरमधला जळका वायू कूलंटमध्ये, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात, येत असेल तर ते पिवळं पडतं. मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजतो. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी दाखवत असतील तर संशय गॅस्केटवर जातो. एकच कमी असेल तर त्यात थोडं ऑइल सोडून पुन्हा मोजतो. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंग झिजल्यात, नाही वाढला तर बहुधा व्हॉल्व्हची गडबड.

सगळ्यात वाईट बातमी ऑइल काढताना कळते. ट्रेमधलं काळं ऑइल बॅटरीच्या उजेडात हलवलं आणि त्यात चमचम दिसली, तर ती बेअरिंगची, म्हणजे क्रँकला आधार देणाऱ्या भागांची, धातू आहे. तिथे हेडवर खर्च करण्यात अर्थ नाही.

खर्च करायचा का?

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विक्रीच्या किमतीशी ताडून बघतात. आमच्या मते ही तुलनाच चुकीची. एवढ्याच भरवशाची दुसरी गाडी घ्यायला किती लागतील, त्याच्याशी ताडा. मागच्या वर्षी टायर-बॅटरीवर काय घातलं ते या हिशेबात धरू नका. त्याआधी गाडी लिफ्टवर घेऊन खालून बघू. जॅक लावायची जागा, सस्पेन्शन जिथे बॉडीला धरतं ती जागा गंजाने पोखरली असेल, तर इंजिन कितीही चांगलं केलं तरी ती गाडी आम्ही तुम्हाला ठेवायला सांगणार नाही.

बॉडी चांगली आणि फक्त गॅस्केट गेलं असेल तर काम करून घ्या, मात्र हेड फेसिंगला (खालची बाजू सपाट करायला) पाठवूनच. तापलेलं अॅल्युमिनियमचं हेड वाकतं, आणि केसाएवढा बाक राहिला तरी नवं गॅस्केटही जातं. बाटलीतलं सीलंट टाकून वेळ मारून नेऊ नका. त्याने हीटर आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजतात.

बेअरिंग किंवा ब्लॉक गेला असेल, तर अशा गाडीत पूर्ण ओव्हरहॉल (सगळं इंजिन खोलून नव्याने बांधणं) सहसा परवडत नाही. वापरलेलं इंजिन हाच मार्ग उरतो. ते घेताना कॉम्प्रेशनचे आकडे मागा, हमी फक्त इंजिनची की उतरवण्या-बसवण्याच्या मजुरीचीही, ते लिहून घ्या. इंजिन बाहेर असतानाच टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि मागचं ऑइल सील बदला, नंतर याच मजुरीचा बराचसा भाग पुन्हा द्यावा लागतो. आणि पहिलं इंजिन तापून गेलं असेल तर रेडिएटर आधी तपासा. तो चोंदलेला राहिला तर दुसरंही तसंच जाईल.

आम्ही तपासणी, हेड उतरवणं आणि पुढचं काम असे वेगवेगळे अंदाज लेखी देतो. प्रत्येक टप्प्यावर फोन करतो, तुम्ही नको म्हणालात की तिथे थांबतो. गाडी विकायची ठरवलीत तर आमचा तपासणीचा कागद घेणाऱ्याला दाखवा.

गाडी आणताना एवढं आठवून या: तापमानाचा काटा कुठे होता, कोणता दिवा लागला, आणि आधी आवाज आला की धूर.